लाव्हा लॅम्प हलवून निवळत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरगुती टिपांच्या चौकटीत लाव्हा लॅम्पविषयी, म्हणजे बल्बाच्या उबेनं बाटलीतलं रंगीत मेण वरखाली होत राहणाऱ्या शोभेच्या दिव्याविषयी, चार ओळी आल्या आहेत. लॅम्पमधलं पाणी गढूळ झालं तर तो गरम असताना जोरात हलवावा. तरी निवळलं नाही तर बाटली गॅसवर उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. आणि वीज वाचवायची असेल तर खालचा बल्ब काढून एलईडी लावावा. चार ओळींत तीन चुका, आणि त्यातली मधली जिवावर बेतणारी. टिपा कोण लिहितं ते मला ठाऊक नाही. पण लिहिणाऱ्यानं लाव्हा लॅम्प कधी हाताळलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. मी हाताळलाय, स्वतःच्या हातानं बिघडवलाय आणि दुरुस्तही केलाय. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होते. आमचे हे उद्यमनगरात टर्नर. आमचा लॅम्प थोरल्या दिरांनी १९९४ साली इंग्लंडहून आणला. ते जहाजावर होते. येताना दर खेपेला काहीतरी अडगळ आणायचे, त्यातली ही एकच वस्तू टिकली. खाली पितळी रंगाचा कोन, त्यात बल्ब, वर निमुळती होत गेलेली बाटली, पिवळसर पाण्यात लाल मेण. पहिल्या रात्री सासूबाई समोर पाट घेऊन बसल्या आणि तासाभरानं म्हणाल्या, "ह्यात जीव हाय का गं?" पुढं कितीतरी वर्षं गौरी-गणपतीत तो मखराच्या बाजूला असायचा.

तो बिघडला २०१९च्या ऑगस्टमध्ये. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या धोक्याच्या खुणेवर गेली की आमच्याकडं माणसं बोलायची कमी होतात आणि सामान उचलायला लागतात. त्या संध्याकाळी लॅम्प चालू होता. नात घाबरू नये म्हणून मीच लावला होता. गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं म्हटल्यावर पुतण्यानं तो तसाच ऊन-ऊन उचलला, चादरीत गुंडाळला, पोत्यात डोकं खाली करून कोंबला आणि माळ्यावर टाकला. पूर ओसरल्यावर काढून बघितलं तर आत ताकासारखं पांढरट काहीतरी. मेण आहे की नाही तेही दिसेना.

म्हणजे आपल्या टिपेतला पहिला उपाय आमच्या पुतण्यानं आधीच करून पाहिला होता. त्यानंच लॅम्प गढूळ झाला.

का होतो, ते सांगते. बारावीच्या प्रात्यक्षिकात आयोडाइड ओळखायची एक चाचणी होती. परीक्षानळीत क्षाराचं द्रावण, त्यात क्लोरिन वॉटर आणि थोडं कार्बन टेट्राक्लोराइड. हलवलं की तळाचा थर सुंदर जांभळा व्हायचा आणि वर पाणी वेगळं राहायचं. एकमेकांत न मिसळणारे दोन थर, जड खाली, हलका वर. लाव्हा लॅम्प ही तीच परीक्षानळी, फक्त फूटभर उंच. मेण मुळात पाण्याहून हलकं. पण लॅम्पच्या मेणात जड द्रव मिसळून त्याची घनता पाण्याच्या अगदी जवळ, केसभर जास्त, आणून ठेवलेली असते. खालून ऊब लागली की मेण पाण्यापेक्षा जास्त फुगतं, केसभर हलकं होतं आणि वर निघतं. वर गार होतं, पुन्हा जड होतं, खाली येतं. तळाशी तारेचं एक कडं असतं, ते परत आलेल्या गोळ्यांना एकमेकांत मिसळायला मदत करतं. सगळा खेळ केसभराचा. असा लॅम्प गरम असताना हलवला की पातळ मेणाचे लाखो बारीक थेंब पाण्यात पसरतात. पाण्यात थोडा साबणासारखा पदार्थ घातलेला असतो, तो त्या थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. दुधात लोणी असतंच, पण ते दिसतं का? तसंच.

हा दिवा काढला एडवर्ड क्रेव्हन वॉकर या इंग्रज माणसानं. एका पबमध्ये अंडी उकडायची वेळ दाखवणारं, द्रवात मेण हलणारं एक जुगाडू यंत्र त्यांनी पाहिलं आणि त्यावरून १९६३ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावात दिव्यांचा कारखाना काढला. दिव्याचं नाव ‘ॲस्ट्रो’. त्यांच्या इतर आवडीनिवडींबद्दल घरात सगळ्यांनी वाचायच्या वर्तमानपत्रात लिहिणं बरं दिसणार नाही. पुण्यात आयटीत असलेली माझी भाची सांगते की अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीनं स्वागतकक्षाच्या भिंतीवर शंभरेक लाव्हा लॅम्प मांडलेत, आणि त्यांचे कॅमेऱ्यानं टिपलेले फोटो इंटरनेटच्या कुलपांसाठी ओळखता न येणारे आकडे काढायला वापरतात. गोळा कुठं फुटेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही म्हणून. सासूबाईंचा प्रश्न अगदीच खुळा नव्हता म्हणायचा.

आता दुसरी टीप, गॅसवरची. २००४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका तरुणानं लॅम्प लवकर चालू व्हावा म्हणून शेगडीवर तापवला. बाटली फुटली, काच छातीत घुसली आणि तो गेला. बंद बाटलीत द्रव तापला की फुगायला जागा मागतो. साधा हिशोब करा: ७०० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं तर दोन चहाचे चमचे भरून वाढतं. त्यात वितळताना मेण दहा टक्क्यांहून जास्त फुगतं ते वेगळंच. बाटलीत वर जी हवेची पोकळी दिसते ती कुणी भरायची विसरलेली नसते, ती या फुगण्यासाठीच सोडलेली असते. बल्बाच्या उबेला ती पुरते, गॅसच्या जाळाला नाही. उकळत्या पातेल्यात काचेला एका बाजूनं चटका बसला तरी तडा जायला पुरे. कृपया हे वाक्य तरी दुरुस्तीत छापावं.

मग करायचं काय? आधी काहीच नाही. थोडंसं धुरकट असेल तर लॅम्प एका जागी ठेवून दोन-तीन तास चालवायचा, मग पूर्ण गार होऊ द्यायचा, असं आठवडाभर रोज. हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. पुष्कळदा बारीक थेंब आपोआप गोळ्याला जाऊन मिळतात. आमच्यात आठवड्यानं ताकाचं पातळ ताक झालं, पुढं काही सरकेना, म्हणून तो परत माळ्यावर गेला. पूर येऊन पाच वर्षं होईपर्यंत तो तिथंच होता. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत काढला तेव्हा मी ठरवलं, उघडायचा.

उघडण्याआधी एक इशारा. लॅम्प १९७०च्या आधीचा, किंवा कुठला-कधीचा ते कळत नसेल, तर उघडू नका. जुन्या काळी मेण जड करायला कार्बन टेट्राक्लोराइड वापरत, तेच ते माझ्या जांभळ्या थराचं. गोडसर वास येतो, पण यकृताची वाट लावतं. अमेरिकेत १९७० साली घरगुती मालातून ते बंद केलं. आमच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली मी कुलपात ठेवायची आणि मुलांना थेंब मोजून द्यायची. आमचा लॅम्प १९९४चा म्हणून मी हिंमत केली, तीही गॅलरीत, हातमोजे घालून.

वरची पत्र्याची टोपी काढली की खाली सोड्याच्या बाटलीचं असतं तसलंच बूच दिसतं. लहानपणी आम्ही ज्याचे बिल्ले खेळायचो तेच. लॅम्प पूर्ण गार, मेण दगडासारखं, तेव्हाच ओपनरनं उचकटायचं. जुनं पाणी मी मोरीत ओतलं नाही, कॅनमध्ये भरलं आणि त्यावर तारखेसह ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी डकवली. सवय जात नाही. तो कॅन अजून गॅलरीत आहे, घंटागाडीवाला ओला म्हणून घेत नाही, सुका म्हणूनही घेत नाही.

मेणावर पांढरी बुळबुळीत साय होती. ती डिस्टिल्ड पाण्यानं पाच-सहा वेळा हळूच खळबळून काढली. घासायचं नाही, ऊन पाणी नाही. नळाचं पाणी तर मुळीच नाही, मग ते थेट पाइपलाइनचं काळम्मावाडी धरणाचं का असेना. त्यातले क्षार साबणाशी भांडतात आणि पुन्हा साय धरते. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं.

बाटली मानेच्या दोन बोटं खाली भरली, स्टँडवर ठेवली, बूच न लावता बल्ब लावला. तीन तासांनी मेण वितळलं आणि तळाशी भाकरीसारखं बसून राहिलं. हे अपेक्षितच होतं. मूळ पाण्यात त्याची घनता वाढवणारं काहीतरी होतं, ते मी ओतून टाकलेलं. आता पाणी जड करायचं, म्हणजे क्षार. स्वयंपाकाचं मीठ चालतं, पण तारेच्या कड्याला गंज चढतो. मी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट घ्यायचं ठरवलं.

आणि इथं माझी ३१ वर्षं वाया गेली. भावाची कागलकडं शेती आहे. उसाला टाकायला त्यानं मॅग्नेशियम सल्फेटचं पोतं आणलं होतं. तेच ना हे, म्हणून मी वाटीभर घेऊन आले. द्रावण केलं, गाळलंही नाही, घातलं. दहा मिनिटांत बाटलीत करड्या रंगाचं धुकं. शेतीचं खत आणि औषधाच्या दुकानातलं शुद्ध, यातला फरक मी दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांना सांगायची. सगळं पुन्हा गार केलं, ओतलं, खळबळलं. दुसरा कॅन, दुसरी चिठ्ठी. आमचे हे पेपरच्या आडून म्हणाले, "लॅबमध्ये असं केलं असतंस तर?" मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या वेळी औषधाच्या दुकानातलं आणलं. १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून फिल्टर पेपरनं गाळलं. ड्रॉपरनं पाच मिलिलिटर घालायचं, वीस मिनिटं थांबायचं. खारं पाणी जड म्हणून आधी खाली जातं, सगळीकडं पसरायला वेळ घेतं. घाई केली की चुकतं. तीस मिलिलिटरवर मेणाच्या भाकरीला मध्ये टेंगूळ आलं. चाळीसवर त्या टेंगळाची मान झाली. पंचेचाळीसवर एक गोळा सुटला आणि वर गेला. मी एकटीच होते गॅलरीत, रात्रीचे साडेअकरा. टाळ्या वाजवल्या.

मग हाव सुटली आणि आणखी दहा घातले. सगळं मेण वर जाऊन छताला चिकटलेल्या पालीसारखं बसलं, खाली यायचं नाव घेईना. थोडं पाणी ड्रॉपरनं काढून साधं डिस्टिल्ड घातलं तेव्हा ठिकाणावर आलं. ही चूक सुधारता येते, हे लक्षात असू द्या. शेवटी भांडी घासायच्या बिनरंगी लिक्विडचा एक थेंब. एकच. मेण काचेला चिकटत असेल तर हा थेंब सोडवतो. दोन-तीन झाले तर गोळ्यांऐवजी साबुदाणा होतो. खायचा पिवळा रंगही तसाच, काडीच्या टोकानं.

आता बूच. हा भाग आमच्या ह्यांचा. "तू मीठ बघितलंस, बूच मी बघतो." जुनं बूच उचकटताना वाकलेलं, ते पुन्हा धरत नाही. गंगावेशीकडं एका लहान सोडा कारखान्यात हातानं दाबायचं बुचाचं यंत्र आहे, तिथं बाटली घेऊन गेलो. सोडावाल्यानं बाटली उलटी-सुलटी करायला घेतली तसे आम्ही दोघंही ओरडलो. यंत्राचा पाट सगळ्यात खालच्या भोकात लावला तरी बाटली दोन इंच उंच. त्यानं दहा कोरी बुचं दिली आणि पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "लागलं बूच की दाखवायला आणा."

ह्यांनी घरी येऊन बंद सोड्याच्या बाटलीचं बूच व्हर्नियरनं मोजलं. भरलं पावणेएकोणतीस मिलिमीटर. दाते २१, तेही मोजले. (दाते मोजायची काय गरज होती ते मला अजून कळलेलं नाही.) मग जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथवर माइल्ड स्टीलची घंटेच्या आकाराची डाय, म्हणजे बूच दाबायचा साचा, काढली: तोंडाशी रुंद, आत उतरत जाऊन बरोबर तेवढ्या व्यासाची, वर ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरायला दांडा. मशीन बंद ठेवून फक्त तरफ खाली ओढायची, म्हणजे डाय बुचावर सरळ उतरते आणि सगळे दाते एकदम आत वळतात. हातोडीनं ठोकायचं काम नाही. आधी सहा रिकाम्या सोड्याच्या बाटल्यांवर हात बसवला. दोघींच्या माना गेल्या, कारण खाली रबर घेतलं नव्हतं. रबर घेतल्यावर चार नीट बसल्या. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरी घडवला, तिथं एका बुचासाठी डाय काढली याचं फार कौतुक नको, असं हे म्हणतात. म्हणतात, पण डाय पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवलीय.

बूच लावायचं ते सगळं गार झाल्यावर, मानेत हवा सोडून. नंतर टिश्यू पेपर गुंडाळून बाटली रात्रभर आडवी ठेवली. मेण घट्ट असताना आडवी ठेवली तर चालते. सकाळी टिश्यू कोरडा. वर खात्रीसाठी मासे पाळायच्या टाकीला लावतात ते सिलिकॉन बुचाच्या कडेनं बारीक फिरवलं आणि चोवीस तास वाळू दिलं.

उरली आपली तिसरी टीप. एलईडी गार असतो, हाच त्याचा गुण. आणि लाव्हा लॅम्पला नेमकी ऊब हवी. जुन्या तारेच्या बल्बाची नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते, म्हणून तो घरात नकोसा झाला आणि म्हणूनच या लॅम्पला तो लागतो. आमच्याला ४० वॅटचा, आतून आरशासारखा, बारीक आट्यांचा लागतो. झिरोचा लावून पाहिला, मेण कोमट होऊन बसून राहिलं. अडॅप्टर लावून ६० वॅटचाही पाहिला, तर मेणाचे मणी-मणी व्हायला लागले. लगेच बंद केला. लक्ष्मीपुरीत एका इलेक्ट्रिकच्या दुकानात ४०चे तीन बल्ब धूळ खात होते. तिन्ही घेतले. लॅम्प सहा-सात तासांवर चालवत नाही, उन्हात ठेवत नाही. एवढ्यावर वीजबिलाला फरक पडला असेल तर तो माझ्या मिक्सरपेक्षा कमी.

थंडीत गोळा सुटायला अडीच-तीन तास लागतात. संध्याकाळी दिवा लावताना चालू केला तर जेवणं होईपर्यंत वरखाली सुरू होतं. एक लहान गोळा मात्र वर मानेपाशी अडकून राहतो, तासभर गेल्यावरच खाली येतो. मूळचा असा नव्हता. माझं मीठ दोन-तीन मिलिलिटरनं जास्त झालेलं असणार. पण आता बूच लागलंय, आणि पुन्हा उघडायला हे तयार नाहीत.

दुरुस्ती छापताना निदान गॅसची टीप मागे घ्यावी ही विनंती. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडं या पत्रासोबत दिला आहे. गावात कुणाचा लॅम्प असाच माळ्यावर पडला असेल तर डाय न्यायला हरकत नाही. तीन कोरी बुचंही शिल्लक आहेत. डाय मात्र परत आणून द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
शाहूपुरी, कोल्हापूर